काचेत उघडलेली पिशवी

"कंबरेला काय खोचलंस? काढ."

मुंबईतल्या एका मोठ्या दुकानाच्या शोकेसमध्ये मॅडमनं हे विचारलं. वरून दिवे चालू. समोर आरपार काच. बाहेर फुटपाथवर सकाळची ऑफिसला निघालेली माणसं. मॅडम त्या दुकानाची सजावट बघायची. मी भिवंडीच्या वर्कशॉपमधली कामगार. अशा काचेतल्या सजावटी आम्ही बनवतो, नेऊन लावतो.

ह्या खेपेचं झाड माझ्या डोक्यातलं होतं. कापड विणायच्या लूमच्या धोट्यात सुताची कांडी बसते, तसल्या रिकाम्या कांड्यांचं झाड, वर लाल धागे. कांड्या आईच्या. तिचा जन्म कांड्या भरण्यात गेला. माझं स्वतःचं काही पहिल्यांदाच काचेत लागणार होतं, आणि आई ते बघायला येणार होती.

पहिल्या दिवशी मॅडम फार गोड. "किती टॅलेंटेड गं तू! आडनाव काय?" सांगितलं. "अच्छा." तेवढंच म्हणाली. त्या 'अच्छा'वर मी तेव्हाच कान टवकारले. आडनाव कुणी उगाच विचारत नाही. त्यानंतर मी बाहेर पडले की ती सामान मोजायची.

त्या सकाळी एक लाल रेशमी स्कार्फ सापडेना. आणि माझा हात कंबरेला गेलेला तिनं पाहिला. लहानपणची सवय. तुटलेला धागा जमिनीवर राहिला तर लूममध्ये अडकतो. आई ओरडायची, "खाली न्हाय टाकायचा. नेफ्यात खोच."

मी काढून दाखवली. लाल धाग्यांची गुंडाळी, बस्स.

"पिशवी रिकामी कर."

आत आम्ही पाच जण. पिशवी फक्त माझी उघडली. डबा, कात्री, पॅडचं पाकीट. सगळं काचेसमोर. डब्यातल्या सुकटीचा वास आला तशी तिनं नाकाला रुमाल लावला. बाहेर एक बाई थांबून बघत होती. मला लाज वाटली. चोरी केली नव्हती तरी वाटली. त्याचाच राग अजून जात नाही.

स्कार्फ पुतळ्याच्या शालीखाली निघाला. तिनंच टाचलेला.

"ओह! चल, चल, काम आटप. अकराला दुकान उघडतंय."

मी हलले नाही. म्हटलं, "आता तुमची पर्स."

"पागल आहेस का?"

"माझी उघडली, तिथंच उघडा."

ती हसली. मग हसायची थांबली. पर्स छातीशी घट्ट धरली.

मी वरची गाठ सोडली. अख्खं झाड त्या एका गाठीवर होतं. खडखड कांड्या खाली आल्या. एकेक वेचून पिशवीत भरली. बाहेरची बाई अजून तिथंच. बघ म्हटलं, आता नीट बघ.

संध्याकाळी वर्कशॉपच्या शेठचा फोन. "माफी माग, नाहीतर उद्यापासून येऊ नको." मागितली नाही. गेलेही नाही. झाड बघायला यायचं म्हणून काढलेल्या नव्या साडीची घडी आईनं परत पेटीत ठेवली. ते बघून मला रडू आलं, खोटं कशाला सांगू?

तुटलेला धागा मी आजही कंबरेलाच खोचते. ती सवय सोडणार नाही. पण तिथं कुणी बोट दाखवलं, तर आधी त्याची पर्स उघडायची. माझ्यासमोर. उजेडात. मग बोलू.