सोनूबाईचा रानकांदा

आष्टीकडच्या तिच्या गावात सोनूमावशीला सगळे गरीब गाय म्हणतात. मी म्हणत नाही. मी तिच्या बहिणीची मुलगी. तिचा राग किती खोल मुरतो ते मी पाहिलंय.

काका वारले आणि शेजारच्या रानातला तिचा धाकटा दीर भुजंग बांध कोरायला लागला. एका साली नांगराचं एक तास, पुढच्या साली दोन. मावशीने सरकारी मोजणी आणली. हद्दीवर दगड रोवले गेले. भुजंगने मोजणीवाल्यांना स्वतः चहा पाजला आणि ते गेल्यावर सगळे दगड उपटून विहिरीत टाकले. गावाने पाहिलं आणि गाव मूग गिळून बसलं. भावकीच्या भांडणात कोण पडतो? त्या गप्प बसणाऱ्यांचाही मला भुजंगाइतकाच संताप येतो.

"परत मोजणी आण," मी म्हणाले.

"अन् त्यानं परत उपटले, मंग? दगड उपटता येतो बाई."

दुसऱ्या दिवशी ती मला माळावर घेऊन गेली. ऊन रणरणत होतं, गवताचं पातं नव्हतं. खडकाच्या कडेला जमिनीतून नुसते उंच दांडे वर आलेले, पान एकही नाही, शेंड्याकडे फिकट फुलं मिटलेली. "हा रानकांदा," मावशी म्हणाली. "पावसाळ्यात पात येते, कांद्यासारखीच दिसते. चुरगळून बघ, कांद्याचा वास न्हाई. ढोर त्वांड लावत न्हाई. उन्हाळ्यात पात मरते, लोकायला वाटतं गेला. खाली कांदा जिता राह्यतो." आम्ही मुठीत न मावणारे कांदे खणून काढले. त्यांच्या रसाने रात्रभर माझे हात खाजले.

भुजंग परतूरच्या बाजाराला गेला होता त्या दिवशी मावशीने दगडांच्या रिकाम्या खड्ड्यांत ते पुरले, नांगराचा फाळ पोचणार नाही इतके खोल. वर माती सारखी केली. भुजंगने ती पट्टी नांगरली, पेरली. पावसाळ्यात पात दिसली की त्याच्या बाया ती खुरपून टाकत. तो म्हणे, तणच आहे, मरेल. नांगरट झाल्यावर पेरणीपर्यंत तो रानाकडे फिरकतही नसे.

मावशी मात्र चैत्रात रोज फिरकायची. दांडे वर येऊ लागले तेव्हा तिने ते कोवळे असतानाच मोडले. पुढच्या सालीही मोडले. मला कळेना. "दाखव की सगळ्यांना," मी म्हणाले.

"गावाला काय दाखवू? गावानं दगडं पाह्यलेच व्हते." तिने डूख धरला होता आणि तिला साक्षीदार बाहेरचे हवे होते.

या चैत्रात भुजंगच्या मुलासाठी, कल्याणसाठी, जाफराबादकडचं स्थळ आलं. आमच्याकडे मुलगी देण्याआधी मुलाचं रान बघतात. ते कानावर आल्यावर मावशीने एकही दांडा मोडला नाही.

पाहुणे उन्हं उतरल्यावर रानात आले. मुलीचे आजोबा पुंजाराम काठी टेकत पुढे, भुजंग हात पसरून दाखवतोय, "त्या लिंबापस्तोर आपलंच." काळ्या नांगरटीत, त्याने दाखवलेल्या लिंबाच्या बऱ्याच अलीकडे, फुलं नुकतीच उमलत होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रांग. भुजंगने ती पाहिली आणि त्याचा हात खाली आला.

"रानकांदा हाय," पुंजाराम म्हणाले. "पण ह्यो असा वळीत उगवत न्हाई. कुणी लावला?"

मावशी लिंबाखाली बसली होती. पदर सावरून उठली. "म्या लावला, मामा. मोजणीचे दगड व्हते ना, त्यायच्या खड्ड्यात. दगड ह्यायच्या हिरीत हायत. पानी आटलंय, वरूनच दिसतील."

म्हातारा खरंच विहिरीपर्यंत गेला. वाकून बघितलं. मग भुजंगला म्हणाला, "भावजयीचा बांध जो सोडत न्हाई, त्याच्या घरात आमची पोरगी कशी नांदल?" घरी पोहे तयार होते. पाहुणे पाणीही न पिता जीपमध्ये बसले.

मला इतका आनंद झाला की लाज वाटावी. घरी येताना विचारलं, "मावशी, कल्याणचं वाईट न्हाई वाटत?"

"वाटतं ना. माझ्याच अंगाखांद्यावर खेळला तो." थोडं चालून म्हणाली, "म्हणूनच बापाला बराबर लागलं."

आठ दिवसांत भुजंगने गडी उतरवून दगड वर काढले आणि फुलांच्या रांगेत, मोजणीच्या जागी, परत रोवले. मग रानातच मावशीपुढे येऊन उभा राहिला. "वैनी, झालं ना मनासारखं? आता ते कांदे काढा. दुसरं स्थळ येऊन राह्यलंय."

"दगड तुमचे, भाऊजी. तुमीच रोवले, तुमीच उपटताल. कांदे ऱ्हाऊ द्या." मावशी लिंबाखाली पुन्हा बसली. "पाव्हणे कधी येणार, तेवढं सांगा."

दिवस कलला होता आणि भुजंगच्या पाठीमागे फुलं उमलायला लागली होती.