मांजराच्या मिशीचं विरजण

अलेक्झांड्रियाच्या प्रयोगशाळेत मी तीस वर्षं काचेची भांडी धुतली. शिक्षण म्हणाल तर गावच्या मशिदीतल्या शेखसाहेबांच्या छडीखाली, तेही छडी मोडेपर्यंत. तरी जंतूंच्या विषावर मी आजही जावयाला व्याख्यान देतो. बिचारा जाणार कुठे?

आमच्या डॉक्टर नश्वाबाईंना एका जंतूच्या विषाचं प्रथिन आतून कसं घडलंय ते पाहायचं होतं. त्यासाठी त्याचे स्फटिक व्हावे लागतात. जॉर्डनच्या क्ष-किरण यंत्रावर त्यांना वर्षात एकच दिवस मिळालेला, तोही तीन आठवड्यांवर आलेला. आणि हे विष असं की एकटं ठेवलं की फाटलेल्या दुधासारखा गोळा! म्हणून बाईंनी त्याच्या जोडीला दुसरं प्रथिन घातलं. जंतूच्या पोटात ते विषाला धरून असतं, बाहेरच्या दारापर्यंत पोचवतं आणि आपण मागे राहतं.

“म्हणजे पाठराखीण!” मी म्हणालो. “यातलं मला विचारा, बाई. आमची लेक सबाह आणि तिचा रिफअत बैठकीत बसतात, मधे मी. तिरमिसचे खारे दाणे सोलत. साखरपुडा होऊन महिना झाला, पोराला एक वाक्य पुरं करू दिलेलं नाही.”

“वा! मग काका, या जोडीचे थेंब स्फटिक धरायला ठेवलेत, त्या थाळ्यांकडेही लक्ष ठेवा,” असं म्हणून बाई कैरोला गेल्या.

लक्ष ठेवा म्हणजे आमच्यात जवळ बसा. मी थंड खोलीत स्टूल टाकलं, थाळ्यांच्या फडताळाला पाठ टेकली आणि तीन दिवस गुडघा हलवत बसलो. आमच्या घराण्यात वारसा असा हा गुडघाच.

बाई परतल्या. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला तो बराच वेळ काढलाच नाही.

“काका, थाळ्यांना हादरे कोणी दिले?”

“कोणी फिरकलं नाही, बाई! मी स्वतः इथून हललो नाही.”

“हललात हो. गुडघा अजून चाललाय. चार मोठे स्फटिक हवे होते, हा सुयांचा भुगा झालाय.”

माझी पाचावर धारण बसली. “आता?”

“एका थाळीपुरतं प्रथिन उरलंय. याच भुग्याचं विरजण लावू. मांजराची मिशी आणा.”

मला वाटलं, धक्क्यानं बाईंचं डोकं फिरलं. पण खरंच तशी रीत आहे. मिशी भुग्यातून फिरवून नव्या थेंबांतून ओढायची; तिला चिकटलेल्या कणांवर मोठे स्फटिक वाढतात. मासळीवाल्याच्या बोक्याची एक मिशी मी कातरली. त्यानं नखांनी माझ्या नाकावर तीन ओढल्या.

बाईंनी थाळी आत ठेवली आणि मला बाहेर काढलं. “पाठराखीण दारातच थांबते ना, काका?”

नऊ दिवस मी व्हरांड्यात गुडघा हलवला. दहाव्या दिवशी बाईंनी हाक मारली, “या, बघा.” थेंबात साखरेच्या दाण्याहून बारीक, पण कडा धारदार! ते स्फटिक वेळेत जॉर्डनला पोचले.

पुढे त्यांनी चित्र दाखवलं. विष सुटलेल्या दोऱ्यासारखं पाठराखिणीच्या अंगाभोवती गुंडाळलेलं.

“एवढं घट्ट धरते, मग सोडते कधी?” मी विचारलं.

“वेळेवर,” बाई म्हणाल्या, आणि माझ्या नाकाकडे बघून हसल्या.

त्या संध्याकाळी मी तिरमिसचा वाडगा उचलून गॅलरीत जाऊन बसलो. आतून रिफअतचा घाबरा आवाज आला, “काका, तब्येत बरी नाही का?”