चांदीत गेलेला उजेड

चंद्रभागा कोळीण ठाण्याच्या एका कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत अटेंडंट होती. घेतली होती झाडलोटीला, पण हात असा की तीन वर्षांत ती काचेवर चांदीचा थर चढवायला शिकली. काच साफ झाली की नाही हे ती तिच्यावर श्वास सोडून ओळखायची. वाफ सगळीकडून सारखी उडाली तर ठीक, नाहीतर पुन्हा धुवायची. पदव्यांची भेंडोळी घेऊन आलेल्यांना ते जमत नसे, म्हणून त्यांचं नाक खाली आलं असंही नाही.

घरी, कोपरला, मात्र तिचं कोणी ऐकत नव्हतं. नवरा मोरू एक्क्याऐंशी साली होडी घेऊन खाडीत गेला. होडी मिळाली, मोरू मिळाला नाही. प्रेत नाही म्हणजे मरण नाही, असं चंद्रभागेने ठरवून टाकलं आणि कुंकू ठेवलं, जोडवी ठेवली. आता बारा वर्षं भरत आली होती. बारा वर्षांत माणूस परतला नाही तर दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, अशी रीत.

"वयनी, त्याला मोकला कर," दीर नाथा विनवायचा.

"माझा दादला जिता हाय," एवढंच म्हणून ती भांडी आपटायची.

प्रयोगशाळेत प्रयोग चालू होता तो उत्तराबाईंचा. पीएच.डी. रखडल्यामुळे त्या कायम चिडलेल्या असत. काचेच्या लोलकावर चांदीचा थर, त्यावर कोबाल्टचा नावापुरता थर, वर पुन्हा चांदी. लोलकातून लेसरचा लाल किरण त्या थरांवर टाकला की तो परतून भिंतीवर ठिपका पडायचा. लोलक हळूहळू फिरवत नेला की एका ठरावीक कोनावर ठिपका गुल.

पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा चंद्रभागेने भिंतीवर हात फिरवून पाहिला.

"बाई, यो उजेड गेला कुठं?"

"मेला नाही तो, मावशी. चांदीच्या अंगालगत धावतोय, तिच्यातल्या इलेक्ट्रॉनांना धरून. दिसत नाही इतकंच. बाजूच्या कॉइलमध्ये करंट सोडून चुंबक जागा केला की त्यातला थोडा परत येतो. बघा."

भिंतीवर ठिपका फिकटसा उमटला आणि लुकलुकायला लागला.

दिसत नाही, पण मेलेला नाही. चंद्रभागेला हे शास्त्र एकदम पटलं. आपल्या सोयीचं शास्त्र माणसाला लवकर पटतं.

त्याच सुमारास तिचं एक जोडवं झिजून तुटलं. घालता येईना, टाकवेना. प्रयोगशाळेतली चांदीची तार संपली होती आणि नवी यायला महिना होता. तिने तुटलेलं जोडवं बाईंपुढे ठेवलं. बाईंनी आधी नाक मुरडलं, पण गरजवंताला अक्कल नसते. चाचणीपुरतं म्हणून त्यांनी ते घेतलं. हवा काढलेल्या भांड्यात जोडवं वितळलं, त्याची वाफ झाली आणि लोलकावर जाऊन बसली.

दुसऱ्या दिवसापासून कॉइल बंद असताना, त्याच कोनावर, ठिपका उमटायला लागला.

दोन मिनिटं थरथरायचा, मग गुप्त. बाईंनी आधी विजेला दोष दिला, मग रेल्वेच्या तारांना, मग लिफ्टला. वेळा वहीत लिहून ठेवल्या. बारा पन्नास. एक पस्तीस. दोन वीस.

"रोज पाऊण तास पुढे सरकतंय," त्या म्हणाल्या. "असं सरकणारं यंत्र मी तरी पाहिलेलं नाही."

चंद्रभागेला वेळेशी कर्तव्यच नव्हतं. मोरू खूण करतोय, या आनंदात ती तीन दिवस डबा न उघडता भिंतीसमोर बसत होती. बारा वर्षांत इतकं सुख तिला झालं नव्हतं. चौथ्या दिवशी टेबल पुसताना तिने वहीतल्या वेळा एकाखाली एक पाहिल्या आणि फडकं टाकून ती बोटांवर तिथी मोजायला लागली. कोळ्याच्या पोराला पाढ्यांआधी एक गणित येतं. तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ.

"बाई, आज चवथ हाय," ती म्हणाली. "चाराची पाऊणपट तीन. आज तिनांच्या वरती येल."

बाई हसल्या. तरी त्यांनी कॉइलचा प्लग उपटून हातात धरला. काळे पडदे ओढलेल्या खोलीत दोघी बसून राहिल्या. तीन वाजून पाच मिनिटांनी ठिपका उमटला. आज तो थरथरला नाही. सावकाश भरत गेला आणि तितकाच सावकाश ओसरला.

"तुम्हाला कसं कळलं?" बाईंनी विचारलं. प्लग त्यांच्या हातातच होता.

"खाडी भरली," चंद्रभागा म्हणाली. तिला भीती वाटत होती, आणि ती आपल्याच नवऱ्याची वाटतेय याची लाजही.

ती त्या दिवशी लवकर निघाली. नाथा खाडीकाठी जाळं सांधत बसला होता. ती त्याच्याजवळ खाली टेकली.

"नाथा, पुतल्याची तयारी कर."

नाथाला आधी ते खरंच वाटेना. "काल तर नाय म्हणत व्हतीस, वयनी."

"काल मना वाटलं, येतोय म्हणजे जिता हाय." ती पाण्याकडे न बघता बोलत होती. "जित्या माणसाला भरतीची वाट बघायला लागत नाय, नाथा. तो कवाही येतो."

बारा वर्षं तिला समजावत आलेला नाथा जाळ्यात तोंड खुपसून ओक्साबोक्शी रडायला लागला.