जाणाऱ्यांचं ऑफिस

वसंता गेल्याचं मला मंगलवहिनींच्या फोनवरून कळलं. मी माटुंग्याला, कॉलेजच्या ऑफिसात परीक्षेचे फॉर्म तपासत होतो. "भावजी, एजंटाचो फोन इल्लो... हे गेले म्हणतत," एवढंच त्या बोलल्या. परदेशातल्या कुठल्याशा बंदराबाहेर नांगर टाकून पडलेल्या जहाजावर, छातीत कळ येऊन. करार नऊ महिन्यांचा होता आणि त्याला चौदावा महिना चालू होता. बदली माणूस पाठवतो, पाठवतो म्हणत एजंटाने तो पाठवलाच नाही. देह यायला तीन आठवडे लागले. त्यालाही आता दोन महिने होतील. एरवी मी ऑफिसच्या पत्रांपलीकडे काही लिहीत नाही, पण हे लिहिल्याशिवाय माझी सुटका नाही.

चिंचपोकळीच्या चाळीत आम्ही समोरासमोरच्या खोल्यांत वाढलो. दोघांचेही वडील गिरणीत, आणि संपानंतर दोघांचेही घरी. मी टायपिंग शिकून कारकून झालो, तो खलाशी. पहिल्या जहाजावरून आला तेव्हा माझ्यासाठी पेन घेऊन आला. "घे कारकुंड्या, कान खाजवायला होईल," म्हणाला. जहाजावरची नोकरी कायमची नसते, हे लोकांना माहीत नसतं. करार संपला की खलाशी पुन्हा बेकार. सगळे दाखले प्लास्टिकच्या फाइलीत घालून पुन्हा एजंटांचे उंबरे झिजवायचे आणि त्यांच्या बाकांवर बसून राहायचं. वसंताचं निम्मं आयुष्य दर्यावर गेलं आणि उरलेलं त्या बाकांवर.

तिथेच तो एक विद्या शिकला होता. चाळीतल्या कुणाचा मुलगा जहाजावर जायचं म्हणाला, की वसंता आधी त्याच्या एजंटाच्या ऑफिसात अर्धा दिवस बसून यायचा. भिंतीवरचं लायसन, एसी, गोड बोलणारी बाई, कशाकडे बघायचा नाही. फक्त दाराकडे बघायचा. "जाणारे काय, सगळीकडे असतात रे. बॅग घेऊन परत आलेला माणूस येतो का, ते बघायचं. चांगलं ऑफिस असेल तर तो घरी जायच्या आधी तिथे येतो, पुढच्या जहाजाचं विचारायला. तो दिसला नाय तर उठायचं, चालू पडायचं." अशी निदान सात-आठ मुलं त्याने माघारी आणली. काहींच्या आयांनी त्याला शिव्याही घातल्या.

मग त्याने पन्नाशी ओलांडली. जी ऑफिसं त्याला चहा पाजायची ती "कळवतो" म्हणू लागली. दीड वर्ष तो घरी होता. जमिनीवर इतका अवघडलेला माणूस मी पाहिला नाही. चाळीचे कठडे रंगव, टाकी घासून काढ, आणि संध्याकाळी माझ्या दारात येऊन गप्प बस. शेवटी करी रोडजवळच्या एका गाळ्यातल्या ऑफिसाने होकार दिला. इंग्रजी करार वाचायला तो मला बरोबर घेऊन गेला. दहा वाजल्यापासून दीडपर्यंत आम्ही बाकावर होतो. मी करार दोनदा वाचला. वसंता दाराकडे बघत होता. मग हळूच म्हणाला, "एकपण परत आलेला दिसला नाय रे."

"अरे, एका दिवसात काय कळतं?" मी म्हणालो. "कागद चोख आहेत."

चोख होतेच ते. शिक्के जागच्या जागी, शुद्धलेखनाची एक चूक नाही. उभा जन्म कागद तपासण्यात गेलेला माणूस दुसरं काय बघणार? त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला माझ्यापेक्षा शंभर पटीने जास्त ठाऊक होतं... पण त्याला जायचं होतं, आणि कुणीतरी जा म्हणायला हवं होतं. ते मी म्हणालो. त्याने सही केली आणि बाहेर पडल्यावर मला उसाचा रस पाजला. फार खूश होता. तुझा काय दोष, असं सगळे समजावतात. मला ते पटत नाही.

गेल्या आठवड्यात त्याची बॅग आली. वहिनींना त्या ऑफिसात जाववेना, म्हणून मी गेलो. सही करून बॅग खांद्याला लावली आणि बाहेरच्या खोलीत आलो. बाकावर चौघे बसले होते, मांडीवर फाइली घेऊन. त्यातला एक, असेल तेवीस-चोवीसचा, मला बघताच उभा राहिला. त्याचा चेहरा एकदम सैल झाला.

"काका, शिपवरून आलात? टायमावर सोडतात ना घरी?"

काचेपलीकडून आतला माणूस बघत होता. मी बॅग खाली ठेवली. "मी नाही रे बाबा आलो," म्हटलं, "ही एकटीच आली." आणि त्याच्या शेजारी बसून सगळं पहिल्यापासून सांगायला घेतलं, मी काय बोललो होतो तेही. बऱ्याच वेळाने माझ्या ध्यानात आलं, मी बोलत होतो त्याच्याशी, पण बघत होतो दाराकडे.