आरामाचा दिवस

हेमराज निनावे सरांना आरामाचा दिवस सोसत नसे. स्वतःचा नव्हे, धनश्रीचा.

शहराबाहेरच्या बेसा वस्तीतल्या दोन खोल्यांत ते एकटे राहत. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. मैदानावर त्यांच्याकडे धावायला शिकणारी पंधरा मुलं होती, तीही एकेक करून नव्या अकादमीत गेली. उरली आठशे मीटर धावणारी, अठरा वर्षांची धनश्री. पहाटे उठल्याबरोबर ती छातीला पट्टा बांधून पाच मिनिटं पडून राहायची आणि सरांच्या फोनवर आकडा यायचा. ताज्यातवान्या माणसाच्या हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर सारखं कमी-जास्त होत राहतं. थकला की ठोके कवायतीसारखे एकसारखे पडतात आणि हा फरक मोजणारा आकडा घसरतो. पंचावन्नच्या खाली गेला तर त्या दिवशी आराम, हा नियम सरांचाच. मोठ्या तोऱ्यात केला होता.

आता त्याच नियमानं त्यांची पंचाईत केली होती. तिला आराम म्हणजे सरांनी दिवसभरात तोंड उघडायचं ते फक्त दूधवाल्याशी. भिजवलेले चणे दोघांचे, खायचे एकट्यानं.

राज्य स्पर्धेची निवड चाचणी तीन आठवड्यांवर आली, आणि सोमवारी आकडा आला सत्तेचाळीस. सर बराच वेळ फोन हातात धरून बसले. मग लिहिलं, 'आकडा ठीक आहे, ये.' मंगळवारी पंचेचाळीस. पुन्हा तेच लिहिलं. माणूस स्वतःला काय काय पटवतो! हलकंच पळवू, असं त्यांनी मनाशी म्हटलं, आणि हलकंच पळवलंही. बुधवारी एकेचाळीस आला, तरी चण्यांचा डबा घेऊन ते मैदानावर हजर.

दुसऱ्या फेरीला धनश्री पोटरी धरून मटकन खाली बसली. सरांनी हात लावून पाहिला तर पोटरी लाकडासारखी कडक झालेली. त्यांना स्वतःची शरम वाटली.

"आकडा तीन दिवसांपासून कमीच होता वं. मी तुले खोटं लिहिलं."

"मले मालूम हाये सर. माह्या फोनवरबी दिसते तो."

सरांनी पोटरीवरचा हात काढला. "मंग आली काहून?"

धनश्रीनं बुटाची नाडी सोडली, पुन्हा बांधली. "मी नाई आली त तुमी कोणासंग बोलता दिवसभर?"

सरांनी बाटलीतल्या पाण्यात रुमाल भिजवला. तो पोटरीला गुंडाळला, तिला ऑटोत बसवलं आणि आठवडाभर मैदानाकडे फिरकायचं नाही म्हणून बजावलं. चाचणीचं काय, हे तिनं विचारलं नाही. त्यांनीही विषय काढला नाही.

त्या संध्याकाळी चणे भिजत घालताना त्यांनी मुठीतले अर्धे परत डब्यात टाकले. सकाळी आकडा आला, त्रेचाळीस. 'आराम,' असं त्यांनी लिहून पाठवलं, आणि दार उघडं ठेवून दूधवाल्याची वाट पाहत बसले.