शिवणीचा चमचा

या जगात जे जे बिघडू शकतं, त्या सगळ्याची काळजी करण्याचं कंत्राट आमच्या मेहुण्यांनी जन्मतःच घेतलेलं आहे. मेहुणे म्हणजे माझ्या बायकोचे मोठे भाऊ. तिच्याहून बारा वर्षांनी मोठे, आणि वडील लवकर गेल्यामुळे तिचे निम्मे वडीलच. आमच्या मुलुंडच्या घरी आले की चपला काढायच्या आधी ते वर बघतात. पंख्याचा नट जागेवर आहे अशी खात्री पटली की मगच बसतात, आणि तेही पंख्याच्या बरोबर खाली नाही, जरा डावीकडे. लिफ्टमध्ये शिरण्यापूर्वी 'किती माणसं' ही पाटी वाचतात आणि आतल्या लोकांच्या पोटांकडे बघत मनाशी बेरीज करतात. एकदा विक्रोळीहून आमच्या दारापर्यंत पोचल्यावर आपण गॅस बंद केला की नाही या शंकेने बेल न वाजवताच परत गेले. ते येऊन गेल्याचं आम्हाला वॉचमनकडून कळलं. आमची मुलगी जन्मली तेव्हा बघायला आलेल्या प्रत्येकाने नाक कुणाचं आणि डोळे कुणाचे हे ठरवून टाकलं. मेहुण्यांनी बोटं मोजली. वीस भरली तरी समाधान होईना, तेव्हा नर्सला म्हणाले, "सिस्टर, एकदा तुम्ही पण मोजा ना. दोघांचा आकडा सारखा आला पाहिजे."

आता यात सगळा दोष त्यांचा नाही. विक्रोळीच्या एका कारखान्यात ते पंपांचे सुटे भाग तपासायला होते. दुसऱ्याने केलेला भाग हातात घ्यायचा, त्याला व्हर्नियर लावायचा, म्हणजे जाडी मोजायचं ते स्टीलचं हत्यार, आणि केसभर जरी फरक निघाला तरी लाल रंगाचा ठिपका देऊन परत पाठवायचा. हे सव्वीस वर्षं केलं की माणसाला सगळीकडे ठिपके द्यावेसे वाटणारच. सासूबाई घावणे घालायला लागल्या की हे शेजारी उभे राहून "आई, हा एका बाजूला जाड आहे" म्हणायचे. लग्नही त्यांनी केलं नाही, स्थळं तपासण्यातच वर्षं गेली. स्वतः मात्र त्यांनी आयुष्यात काहीएक बनवलं नव्हतं. साधी कागदाची होडीसुद्धा म्हणे बायकोला लहानपणी शेजारचे काका करून द्यायचे, आणि हे ती पाण्यात सोडण्यापूर्वी तपासून द्यायचे.

मुलीला सातवा महिना लागला आणि उष्टावण ठरलं. आमच्याकडे बाळाला पहिला घास मामाने मांडीवर घेऊन भरवायचा, आणि वाटी-चमचाही त्यानेच आणायचा. चांदीचा चमचा घ्यायला मेहुणे घाटकोपरला गेले. तिथे अकरा चमचे त्यांनी गालावरून फिरवून पाहिले, बारावा सोनाराने दाखवलाच नाही. बाहेर येऊन त्यांनी आम्हाला फोन केला.

"सगळ्यांच्या कडा धारदार आहेत. तिच्या हिरडीला लागतील. चमचा मी करणार. लाकडाचा."

"दादा, तू?" बायको किंचाळलीच. "तुला पेन्सिलीला टोक काढता येत नाही रे!"

"येतं. कुणाला लागेल म्हणून काढत नाही."

मग लाकडाची चौकशी सुरू झाली. सागाला वास असतो का, आंब्याला कीड लागते का, असं करत करत भांडुपच्या एका म्हाताऱ्या सुताराने त्यांना शिवणीचं लाकूड दिलं. शिवण मऊ असते, कोकणात तिचे पाळणे करतात. एका चमच्यासाठी मेहुण्यांनी तीन तुकडे घेतले, कारण एक हरवू शकतो आणि एक फुटू शकतो. हत्यारं मोजकीच होती: एक छोटी करवत, एक सरळ पटाशी, खोलगट कोरायला एक गोल पटाशी आणि पॉलिश पेपर. संरक्षणाची तयारी मात्र भरपूर. गॅलरीत हेल्मेट, चष्म्यावर चष्मा आणि चामड्याचे हातमोजे घालून ते बसत. शेजारी कापूस आणि टिंक्चर उघडून ठेवलेलं असे. सासूबाई दारात उभ्या राहून विचारायच्या, "मेल्या, चमचो करतंस की बाँब?"

पहिल्या चमच्याला त्यांना चौदा दिवस लागले. सुताराने सांगितलं होतं की अंगठ्याने चाचपत जा, लाकूड कुठे जाड आहे ते अंगठा सांगतो. पण मेहुण्यांचा अंगठ्यावर विश्वास कुठला! त्यांना चमच्याचा खोलगा सगळीकडून तीन मिलिमीटर जाडीचा हवा होता. डावी बाजू जरा जास्त भरली की ती कोरायची, मग उजवी जास्त भरायची, मग ती कोरायची. अशी समजूत काढता काढता एके सकाळी पटाशीचं टोक तळातून पलीकडे आलं. त्यांनी शांतपणे लाल रंगाची बाटली काढली आणि चमच्याला ठिपका दिला. दुसरा चमचा मात्र खरोखर देखणा झाला. त्याचा फोटो त्यांनी आम्हाला पाठवला, पट्टी शेजारी ठेवून.

उष्टावणाच्या दिवशी सकाळी साडेसहाला माझा फोन वाजला. "भावोजी, तिला कळू देऊ नका. माल फेल गेला."

मी धावतपळत विक्रोळीला पोचलो. चमच्यावर जंतू असतील या धसक्याने त्यांनी तो कुकरमध्ये घालून तीन शिट्ट्या काढल्या होत्या. दांडा उभा चिरला होता आणि खोलगा एका अंगाला वळला होता. मेहुणे गॅलरीत हेल्मेटशिवाय बसले होते.

"चांदीचाच आणतो," ते म्हणाले. "दुकानं उघडली की आणतो."

"आणा ना मग. त्यात काय एवढं?"

चिरलेला दांडा बोटांनी जुळवून बघत ते म्हणाले, "एक टर्नर होता आमच्याकडे, लेथवर भाग करणारा. त्याचा माल मी सारखा परत पाठवायचो. एकदा म्हणाला, साहेब, तुम्ही स्वतः कधी काय बनवलंय का? हसलो मी तेव्हा. घरी येऊन खूप आठवलं, काही सापडलंच नाही हो. वाटलं, निदान भाचीच्या तोंडात जाईल ते तरी माझ्या हातचं असावं."

तिसरा तुकडा कोपऱ्यात पडला होता आणि मुहूर्त साडेअकराचा होता. मी तो तुकडा उचलून त्यांच्या हातात दिला आणि व्हर्नियर माझ्या खिशात टाकला.

"अहो, तो..."

"अंगठा आहे ना तुमच्याकडे? मग कोरा!"

त्यानंतरचे तीन तास मी आयुष्यात विसरणार नाही. दर दोन मिनिटांनी त्यांची नजर माझ्या खिशाकडे जायची आणि मी खिशावर हात ठेवायचो. दोनदा पटाशी सटकली, एकदा बोटाला लागली, तर टिंक्चर लावायचं त्यांच्या लक्षात आलं नाही, मीच लावलं. हळूहळू डोळे मिटून ते अंगठा फिरवायला लागले. आणि चमचा झाला. जाडजूड, दांडा किंचित वाकडा, कडा मात्र लोण्यासारख्या. सासूबाईंनी गरम पाण्याने धुऊन त्याला खोबरेल तेल चोळलं आणि नाक मुरडून म्हणाल्या, "बरो झालो हा."

मुहूर्त पंधरा मिनिटांनी टळला, पण पावणेबाराला मुलुंडला आमच्या घरी मुलगी मामाच्या मांडीवर बसली. खिरीने भरलेला चमचा तिच्या ओठांपाशी गेला आणि थांबला. मेहुण्यांचा हात पुढेही जाईना आणि मागेही येईना. कपाळावरून घाम वाहत होता. बायको हळूच म्हणाली, "दादा, भरव ना रे." शेवटी लेकीनेच मान पुढे केली, चमचा तोंडात घेतला आणि नुकत्याच आलेल्या दोन दातांनी असा घट्ट धरला की काही केल्या सोडेना. सगळे हसले. मेहुणे रडले, अगदी उघडपणे, आणि मीही.

याला आता सहा वर्षं झाली. मेहुण्यांनी त्यानंतर काहीही कोरलं नाही. मुलगी मोठी झाली, मामा आला की "हाय मामा" म्हणते आणि खाली खेळायला पळते. व्हर्नियर अजून माझ्याच कपाटात आहे. पाच रुपयांचं पेन माझ्याकडे विसरलं तरी चार फोन करणाऱ्या या माणसाने तो कधीच परत मागितला नाही. आले की तेवढा चमचा मागून घेतात. त्याच्या कडेवर दोन दातांच्या बारीक खुणा आहेत, त्यांवरून अंगठा फिरवत डोळे मिटून राहतात. चहा निवून जातो. आम्ही दोघं काही बोलत नाही, कारण तेवढा वेळ ते पंख्याच्या बरोबर खाली बसलेले असतात.