माळेवाडीचा पाट

शरणप्पाच्या रागाला बोरजळ गाव वचकून असायचं. तरणा असताना तो उदगीरला अडतीवर कामाला होता. तिथं एका दलालानं म्हाताऱ्या हमालाला लाथ घातली म्हणून शरणप्पानं त्या दलालाच्या मुस्काटात ठेवून दिली आणि नोकरी गमावून गावी आला. मग बायकोच्या, गुरम्माच्या, पाटल्या मोडून किराणा दुकान टाकलं.

बहात्तरच्या दुष्काळात बोरजळच्या ओढ्यावर सरकारनं तलावाचं काम काढलं. मातीवर निम्म्याहून जास्त बायाच होत्या. बोरजळ तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात; खालच्या अंगाला कोसभरावर माळेवाडी, पण ती नांदेड जिल्ह्यात. तिथून केवळाबाई रोज पाटीखोरं घेऊन चालत यायची. एका दुपारी तिच्या शेजारची बाई उन्हानं चक्कर येऊन पडली, तर मुकादमानं तिची हजेरीच कापली. कानावर येताच शरणप्पा दुकानातून उठून कामावर गेला, मुकादमाच्या हातातलं हजेरीचं मस्टर ओढून घेतलं आणि त्या वहीवरच मांडी घालून बसला.

"आधी बाईची हजेरी लाव. मग वही भेटंल."

हजेरी लागली. शरणप्पा मात्र सरकारी कामात अडथळा आणला म्हणून अठरा दिवस आत गेला. सुटून आला तेव्हा वेशीत बाया उभ्या होत्या. केवळाबाई म्हणाली, "आप्पा, आमदारकीला उभं ऱ्हावा. माझं मत काय तुमाला पडत न्हाई, आमचा मतदारसंघ येगळा. पर तुमच्यासारखा तापट माणूस तिथं पायजे."

अठ्ठ्याहत्तर साली तो अपक्ष निवडून आला. तोवर तलाव भरला होता, पण पाट मात्र जिल्ह्याच्या हद्दीच्या दगडापाशी येऊन थांबला होता. पुढं माळेवाडीची रानं कोरडीच. उस्मानाबादचे साहेब म्हणायचे, पुढचा पाट नांदेडचा. नांदेडचे म्हणायचे, तलाव तुमचा, मग पाटही तुमचाच. शरणप्पानं दोन्हीकडं टेबलं बडवली, विधानसभेत घसा फोडला. उत्तर एकच यायचं: बाब विचाराधीन आहे.

मग एका मंत्र्यानं त्याला बोलावून घेतलं. "आप्पा, आमच्या पक्षात या. लातूर जिल्हा होतोय. माळेवाडी लातुरात घालू, म्हणजे भानगडच मिटली." शरणप्पानं विश्वास ठेवला. पक्षात गेला, ऐंशी साली पुन्हा निवडून आला. माळेवाडीच्या पारावर उभा राहून त्यानं शब्द दिला, आणि नव्या जिल्ह्यासाठी गावोगाव भाषणं करत सुटला.

ब्याऐंशीच्या ऑगस्टमध्ये जिल्हा झाला. लातुरात फेटे, हार, बँड. समारंभ आटोपल्यावर शरणप्पानं एका कारकुनाकडून गावांची यादी मागून घेतली आणि दोनदा वाचली. माळेवाडी तिच्यात नव्हती. यादी घेऊन तो तसाच विश्रामगृहावर मंत्र्यासमोर जाऊन उभा राहिला.

"माळेवाडी कुठं हाय साहेब?"

"आप्पा, एवढा जिल्हा आला आणि तुम्ही एका वाडीचं काय घेऊन बसलात? शिवाय ती माणसं तुमचे मतदार थोडीच आहेत?"

शरणप्पानं डोक्यावरचा फेटा उतरवून मंत्र्याच्या पुढ्यातल्या चहाच्या कपांवर ठेवला, बाहेर पडला आणि एसटी धरून थेट माळेवाडीला गेला.

केवळाबाई अंगणात तूर पाखडत होती. त्यानं उभ्या उभ्याच सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं.

"धा वर्सं झाली आप्पा. त्या तळ्याची माती ह्या डोस्क्यानं वाहिली. तुमी तिथं भाषणं करून राहिले, टाळ्या घेऊन राहिले. आमचं नाव कागदावर हाय का न्हाई, एवढं आधी बघायचं सुचलं न्हाई?"

आजवर तो दुसऱ्यांवर भडकत आला होता. त्या दिवशी पहिल्यांदा त्याला स्वतःचीच चीड आली, आणि ती कुणाच्या मुस्काटात मारून जाण्यासारखी नव्हती.

दसरा झाल्यावर तो टिकाव घेऊन हद्दीच्या दगडापाशी गेला आणि खणायला लागला. पहिल्या दिवशी माळेवाडीची सात माणसं आली, आठवड्यात सत्तर झाली. फौजदार जीप घेऊन आला. "साहेब, तुम्ही सरकारातले आमदार. सरकारचं काम असं मोडायचं का?"

"मोडत न्हाई. तुमच्या सरकारनं अर्धं सोडलं, ते पुरं करून राहिलो. खटला भरायचा तर भर, तवर बाजूला सरक, माती अंगावर पडंल."

खटला भरला. पण एकविसाव्या दिवशी पाणी माळेवाडीच्या रानात शिरलं.

पंच्याऐंशीला पक्षानं तिकीट कापलं. तो अपक्ष उभा राहिला आणि दणकून पडला. खुद्द बोरजळनं त्याला मतं दिली नाहीत. 'आपलं पाणी नांदेडला विकलं' असा विरोधकांनी बोभाटा केला आणि लोकांनी तो खरा मानला. गिऱ्हाईकं तुटली. ज्यांच्या आयांसाठी तो तुरुंगात गेला, ती माणसं दुकानासमोरून मान फिरवून जायला लागली.

"सोडा आता," गुरम्मा म्हणाली.

"काय सोडू? एकाच ओढ्याचं पाणी पिऊन वाढलेली माणसं ही. साहेबांनी कागदावर रेघ मारली, तर ह्यांनी ती काळजात वढून घेतली."

जिल्ह्याला दहा वर्षं झाली तेव्हा माजी आमदारांच्या सत्काराला त्यालाही बोलावणं आलं. सत्काराचा नारळ हातात पडताच त्यानं माईक धरला. "माळेवाडीचा पाट अजून कुठल्याच जिल्ह्याच्या दप्तरी न्हाई. त्यातला गाळ कोण काढतंय, ठाऊक हाय का? सत्तरीच्या म्हाताऱ्या काढून राहिल्या." कुणीतरी माईक बंद केला. तो तसाच बोलत राहिला, मोठ्या आवाजात, पुढच्या रांगेतले साहेब उठून जेवणाकडं गेले तरी. मागं पंधरावीस माणसं थांबली होती. त्यांना त्यानं सगळं पहिल्यापासून सांगितलं, नारळ खुर्चीवरच ठेवला आणि बसस्टँडकडं चालू लागला.